२४ तासांच्या बाइक शर्यतीत टीमसोबत काम: तयारी, क्रम आणि नेहमी होणाऱ्या चुका

एन्ड्युरन्स रेसिंगच्या (तासन् तास चालणाऱ्या शर्यतींच्या) गॅरेजमध्ये पहिल्यांदा उभा राहणारा मेकॅनिक किंवा हेल्पर बहुतेक वेळा एकाच गोष्टीची तयारी करून आलेला असतो: चाक किती सेकंदांत बदलायचं. व्हिडिओत तेवढंच दिसतं. उरलेल्या वेळात काय करायचं, कुणाला काय सांगायचं आणि कशाला हात लावायचा नाही, हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. टीमचं नुकसान होतं ते तिथे.

हिशेब मांडून पाहा. फ्रान्समधल्या ले मान्सच्या बुगाटी सर्किटची एक फेरी ४.१८५ किलोमीटरची. खासगी टीमची फेरी १०० सेकंदांची धरू आणि एक टाकी ५० मिनिटं चालते असं समजू. म्हणजे २४ तासांत साधारण २८ पिट-स्टॉप (इंधन, चाकं किंवा रायडर बदलायला गाडी आत थांबणं). प्रत्येक स्टॉपला तुम्ही ५ सेकंद हळू असाल, तर अख्ख्या शर्यतीत १४० सेकंद गेले, दीड फेरीसुद्धा नाही. उलट रात्री मागचा दिवा बंद पडला, गाडी अचानक आत आली आणि वायर शोधण्यात दहा मिनिटं गेली, तर सहा फेऱ्या गेल्या. पंचवीस स्टॉपमध्ये कमावलेलं सगळं एका वायरने खाल्लं.

पुढचे टप्पे एप्रिलमधल्या ले मान्सच्या २४ तासांच्या शर्यतीतली छोटी खासगी टीम डोळ्यांसमोर ठेवून लिहिले आहेत: एक गाडी, तीन रायडर, गॅरेजमध्ये दहा-बारा माणसं. आपल्याकडे बाहा किंवा फॉर्म्युला भारत अशा विद्यार्थी स्पर्धांसाठी गाडी बनवून पुढे युरोपात शिकायला गेलेल्या मुलामुलींना अशा टीमला हात द्यायची संधी मिळू शकते. त्यांच्या हाताला पान्यांची सवय असते. अडचण येते ती क्रमाची.

## १. जायच्या आधी: आपलं काम लेखी घ्या

टीम मॅनेजरला सगळ्यात आधी दोन गोष्टी विचारा. पिट-स्टॉपमध्ये मी कुठे उभा राहणार? आणि पिट-स्टॉप नसताना माझ्याकडे काय? "सगळ्यांना मदत कर" हे उत्तर मान्य करू नका. सगळ्यांना मदत करणारा माणूस नेमक्या वेळी दुसऱ्याच्या वाटेत उभा असतो.

छोट्या टीममध्ये कामं साधारण अशी वाटलेली असतात:

- मुख्य मेकॅनिक: गाडीबद्दलचा शेवटचा शब्द त्याचा. गाडी सोडायची की धरून ठेवायची, हे तोच ठरवतो.
- पुढचं चाक आणि मागचं चाक: प्रत्येकी एक मेकॅनिक, हाताशी स्टँड आणि जुनं चाक सांभाळणारा माणूस.
- इंधन: एक जण भरतो, दुसरा अग्निशामक घेऊन उभा राहतो. या दुसऱ्याला त्या वेळी दुसरं कोणतंही काम नसतं.
- टायर: वॉर्मर (टायर तापवून ठेवणारं विजेचं आवरण), हवेचा दाब, कोणता टायर किती फेऱ्या चालला याची नोंद.
- टायमिंग: फेऱ्यांची वेळ, इंधनाचा हिशेब, पुढचा स्टॉप कधी.
- पिट-बोर्ड: भिंतीवर उभं राहून रायडरला निरोप दाखवणारा.
- रायडरची देखभाल: जेवण, पाणी, झोप, हेल्मेटच्या काचा.

माणसं कमी असतात, त्यामुळे एकाकडे दोन कामं येणारच. फक्त ती दोन कामं एकाच क्षणी येणारी नसावीत. पिट-बोर्डवाल्याला पुढचं चाक देऊ नका. गाडी आत वळते तेव्हा तो भिंतीवर असतो. प्रत्येक कामाला एक बदली माणूस हवा आणि त्या बदली माणसाने ते काम सरावात प्रत्यक्ष केलेलं हवं.

दुसरी तयारी वाचनाची. जागतिक एन्ड्युरन्स स्पर्धेची एफआयएमची (आंतरराष्ट्रीय मोटरसायकल महासंघाची) नियमावली असते आणि त्याशिवाय प्रत्येक शर्यतीची वेगळी पूरक नियमपत्रिका निघते. पिटमध्ये एका वेळी किती जणांनी गाडीला हात लावायचा, इंधन भरताना काय चालतं आणि काय नाही, अंगावर काय घालायचं, हे सगळं त्यात असतं. दोन्ही वाचा आणि आपल्या कामाशी संबंधित ओळी वहीत उतरवून घ्या.

इशारा: जुना व्हिडिओ पाहून क्रम पाठ करू नका. जपानमधल्या सुझुकाचा, फ्रान्समधल्याच बोल दोर शर्यतीचा आणि ले मान्सचा व्हिडिओ वेगवेगळ्या नियमांखाली काढलेला असू शकतो. दंड तुमच्या टीमला होईल.

सामानात पायाची बोटं झाकणारे मजबूत बूट, गुडघ्याला आधार देणारी पँट, डोक्याला बांधायचा टॉर्च आणि गरम कपडे घ्या. एप्रिलमध्ये तिथे रात्री कडाक्याची थंडी पडू शकते. इंधनाजवळ काम असेल तर आतले कपडे सुती ठेवा. नायलॉन वितळून अंगाला चिकटतं.

## २. गाडी आणि सामान: आधी खुणा, मग पाने

वर्कशॉपमधल्या तयारीतला सर्वांत फायद्याचा दिवस खुणा करण्यात जातो. नवख्यांना हे काम कमी दर्जाचं वाटतं, म्हणून ते टाळतात.

प्रत्येक रिमवर रंगीत टेप लावून क्रमांक टाका. फिरण्याच्या दिशेचा बाण मोठा आणि दोन्ही बाजूंनी दिसेल असा काढा. टायर उलट्या दिशेने चढवणं ही घाईतली अगदी नेहमीची चूक आहे आणि ती वॉर्मरखाली दिसत नाही. पुढच्या एक्सलचं टोक कुठपर्यंत यायला हवं तिथे पेंटची रेघ मारा. घट्ट केलेल्या प्रत्येक महत्त्वाच्या बोल्टवरून शेजारच्या भागापर्यंत रंगाची एक सलग रेघ ओढा. बोल्ट फिरला की रेघ तुटलेली दिसते. रात्री तीन वाजता टॉर्चच्या उजेडात ही रेघच उपयोगी पडते.

चाक बदलताना पडू शकणारे स्पेसर रिममध्येच अडकून राहतील असे बसवा. ब्रेक पॅडच्या पुढच्या कडा तिरप्या घासून घ्या, म्हणजे डिस्क आत शिरताना अडकत नाही. सुपरस्टॉक वर्गात मूळ गाडीत काय बदलता येतं यावर बंधनं असतात, तेव्हा घासण्यापूर्वी नियम पाहा. तेलाचं झाकण, ड्रेन बोल्ट आणि फिल्टर लॉकवायरने बांधा.

मग अपघाताची पेटी. सुटे भाग पिशव्यांत घालून आणले म्हणजे तयारी झाली असं नाही. ते जोडून तयार हवेत:

- क्लिप-ऑन हँडल, त्यावर लिव्हर, ग्रिप आणि स्विच बसवलेले. डावं वेगळं, उजवं वेगळं.
- फूटरेस्टचा पूर्ण संच, गिअर आणि ब्रेकच्या लिव्हरसह.
- पुढचं फेअरिंग, हेडलाइट आत बसवून आणि वायरचा कनेक्टर बाहेर काढून.
- शेपटीचा भाग, मागचे दिवे लावून आणि तपासून.
- रेडिएटर, होस आणि क्लॅम्पसह.
- इंजिनची बाजूची झाकणं, गॅस्केट आणि बोल्ट एका पिशवीत.

प्रत्येक संचासोबत तो बसवायला लागणारे पाने त्याच खोक्यात ठेवा. होय, पाने दोनदा विकत घ्यावे लागतात. पण मुख्य पेटीतली ५ नंबरची अॅलन की कुणाच्या खिशात राहिली आहे, हा शोध शर्यतीच्या मधे घ्यायचा नसेल तर हा खर्च करा.

तपासा: वर्कशॉप सोडण्यापूर्वी अपघाताच्या पेटीतला प्रत्येक संच एकदा खऱ्या गाडीवर बसवून, दिवे लावून, पुन्हा काढलेला आहे ना? "नवाच आहे, बसेलच" हे उत्तर चालत नाही.

## ३. सराव: आधी सावकाश, मग हातमोजे घालून

पहिला सराव घड्याळ न लावता करा. क्रम मोठ्याने बोलत, एकेक हालचाल. कोण कोणत्या बाजूने येतो, जुनं चाक कुठे जातं, स्टँड कोण काढतो. प्रत्येकाचा रस्ता जमिनीवर खडूने काढला तर दोन जण कुठे आपटतात ते लगेच कळतं.

क्रम बसला की पूर्ण पोशाखात करा: हेल्मेट, हातमोजे, आगरोधक कपडे. मग तापलेली चाकं घेऊन करा, कारण गरम रिम आणि गरम डिस्क धरायची जागा वेगळी असते. मग दिवे मालवून, टॉर्चवर.

यानंतरचा सराव बहुतेक टीम सोडून देतात: बिघडलेला स्टॉप. एक्सल अर्ध्यावर अडकला, मागच्या चाकावर चेन बसली नाही, स्टँड घसरला. मुद्दाम बिघाड घडवा आणि पाहा, सगळे एकदम ओरडतात का. अशा वेळी एकट्या मुख्य मेकॅनिकचा आवाज यायला हवा.

इथे आपल्या मुलांसाठी एक वेगळी गोष्ट सांगतो. आपल्याकडच्या गॅरेजमध्ये उस्तादापुढे हेल्पर बोलत नाही आणि समजलं नाही तरी मान हलवतो. पिटमध्ये हे धोक्याचं आहे. सूचना मिळाली की ती परत म्हणून दाखवा: "मागचं, ७ नंबर, मऊ." काहीतरी चुकलेलं दिसलं, तर टीममधल्या सर्वांत लहान माणसानेही "थांबा" म्हणायचं, आणि त्या शब्दावर मुख्य मेकॅनिकनेही थांबायचं. हा शब्द कोणत्या भाषेत म्हणायचा ते सरावातच ठरवा. गॅरेजमध्ये फ्रेंच, जर्मन आणि इंग्रजी एकत्र चालते. आणीबाणीचे पाच-सहा शब्द सगळ्यांचे एकच हवेत.

तपासा: मोबाइलवर चित्रीकरण करा आणि फक्त रिकामे हात मोजा. एखादा माणूस नुसता उभा असेल तर कामाची वाटणी किंवा त्याची जागा चुकली आहे.

## ४. शर्यतीच्या आठवड्यात: आकडे गोळा करा

सराव फेऱ्या रायडरसाठी असतात तितक्याच टीमसाठी असतात. तीन मोजमापं शनिवारच्या आत हाती हवीत.

इंधन. दर फेरीला किती जळतं ते भरलेलं आणि उरलेलं मोजून काढा, नुसत्या डॅशबोर्डवरून नको. समजा टाकी २४ लिटरची आहे आणि फेरीला ०.७५ लिटर जळतं. सरळ भागाकार ३२ येतो. पण तळाचं साधारण एक लिटर पंपापर्यंत पोचत नाही असं धरा: २३ भागिले ०.७५, म्हणजे ३० फेऱ्या. त्यातली एक हाताशी ठेवा, कारण बोर्ड पाहायचा राहिला तर रायडर एक फेरी उशिरा येतो. उत्तर २९. तिन्ही रायडरांचा आकडा वेगळा येतो. सरासरी काढू नका, प्रत्येकाचा वेगळा लिहा.

ब्रेक पॅड. प्रत्येक सत्रानंतर जाडी मोजा. त्यावरून ते किती तास टिकतील आणि कोणत्या स्टॉपला बदलायचे हे आधीच ठरतं. पॅडची बदली रात्रीच्या मध्यावर टाकू नका. उजेडात असताना किंवा पहाट उलटल्यावर करा.

टायर. वॉर्मर साधारण ८० ते ९० अंशांवर असताना दाब किती आणि फेऱ्या मारून आल्यावर किती, दोन्ही लिहा. थंड टायरमध्ये भरलेल्या दाबाचा आकडा इथे कामाचा नाही. एकदा तापवून थंड झालेला, पुन्हा तापवलेला टायर नव्यासारखा वागत नाही, म्हणून किती वेळा तापवला तेही नोंदवा.

रात्रीच्या सराव सत्रात हेडलाइटचा झोत ठरवून घ्या. गाडी टाकी भरलेली असताना मागे बसते आणि झोत वर जातो. रिकाम्या टाकीवर लावलेला दिवा पहिल्या दहा फेऱ्यांत झाडांवर पडतो.

इशारा: शुक्रवारी रात्री गाडीत "छोटीशी सुधारणा" करू नका. सरावात न चाललेला भाग शर्यतीत लावायचा नाही, तो कितीही चांगला असो.

## ५. सुरुवात

शनिवारी दुपारी ३ वाजता रायडर रस्त्यापलीकडून धावत येतो आणि पिटच्या भिंतीला तिरप्या लावलेल्या गाडीवर बसतो. गाडी उभी धरायला टीमचा एक माणूस असतो. हे काम तुमच्याकडे आलं तर गाडी सरळ धरा, रायडर बसला की हात सोडा, आणि बाजूच्या गाड्या निघून जाईपर्यंत जागेवरून हलू नका. ढकलायचं नाही, मागे धावायचं नाही.

उरलेल्यांनी हा सोहळा पाहत उभं राहू नये. पहिल्या फेरीत पडापडी होते. झेंडा पडण्याआधी पहिल्या स्टॉपचं सगळं सामान जागेवर आणि अपघाताची पेटी उघडी हवी.

## ६. पिट-स्टॉपचा क्रम

१. पाच फेऱ्या आधी टायमिंगवाला मोठ्याने सांगतो: पाच. पुढचा रायडर हेल्मेट घालतो. टायरवाला दाब शेवटचा तपासतो.

२. दोन फेऱ्या आधी बोर्डवर आत येण्याची खूण जाते. मेकॅनिक हेल्मेट आणि हातमोजे घालून आपापल्या जागी. पिट-लेनमध्ये अजून कुणी पाऊल टाकायचं नाही; दुसऱ्या टीमच्या गाड्या तिथून जात असतात.

३. शेवटची फेरी. वॉर्मर आता काढा, आधी नाही. थंड रात्री उघडा टायर झपाट्याने निवतो. चाकं क्रमांक वाचूनच उचला.

४. गाडी खुणेवर थांबते, इंजिन बंद. इंजिन बंद झाल्याची खात्री होईपर्यंत स्टँड लावू नका. उतरणारा रायडर आणि चढणारा रायडर वेगवेगळ्या बाजूंनी, हे ठरलेलं असतं. त्या बाजूला तुम्ही उभे नसाल हे पाहा.

५. चाकं आणि इंधन टीमने नियमानुसार ठरवलेल्या क्रमानेच. इंधनाची नळी जोडलेली असेल तेव्हा तुमचे हात गाडीपासून दूर, रिकामे आणि दिसतील असे ठेवा. सांडलं तर हात न लावता मागे सरा आणि अग्निशामकवाल्याला जागा द्या.

६. पुढचं चाक बसलं की एक्सल रंगाच्या रेघेपर्यंत, क्लॅम्प घट्ट. मग ब्रेकचा लिव्हर दाबून पॅड डिस्कला भिडवा. चाक काढताना पॅड मागे सरलेले असतात. पहिल्या दाबाला लिव्हर थेट ग्रिपपर्यंत जातो. ते इथे कळलं तर ठीक, पहिल्या वळणावर कळलं तर रायडर सरळ खडीत जातो.

७. प्रत्येकजण हात वर करतो. पुढचं झालं, मागचं झालं, इंधन झालं. मुख्य मेकॅनिक सगळे हात मोजतो, स्टँड खाली, मग सुटण्याची खूण. खूण दुसऱ्या कुणीही द्यायची नाही.

८. गाडी गेल्यावर जमिनीवर पाहा. बोल्ट, स्पेसर, क्लिप, पाना. काही सापडलं तर लगेच सांगा, लपवू नका. रायडरला हळू चालवत परत आणायला बोर्डवर खूण लावता येते, पण त्यासाठी कुणीतरी बोललं पाहिजे.

सहावी पायरी सर्वाधिक वेळा राहून जाते, म्हणून लिव्हर कोण दाबणार हे नाव घेऊन ठरवा. मेकॅनिक की रायडर? "दोघांपैकी कुणीतरी" म्हटलं की दोघेही समोरच्यावर सोडतात. माझ्या मते हे काम पुढच्या चाकाच्या मेकॅनिकचंच असावं आणि रायडरने सुटताना पुन्हा एकदा दाबावा.

## ७. दोन स्टॉपमधली ५० मिनिटं

शर्यतीचा निकाल मोठ्या प्रमाणात इथे ठरतो आणि नवखी टीम हा वेळ खुर्चीत घालवते.

पहिली पाच मिनिटं उतरलेल्या रायडरची. हेल्मेट काढल्या काढल्या त्याला गराडा घालू नका. मुख्य मेकॅनिकने एकट्याने विचारायचं, तेही ठरलेलं: ब्रेक, पुढचा टायर, मागचा टायर, गिअर, दिवे. "गाडी कशी आहे?" या प्रश्नाला थकलेला माणूस "बरी आहे" म्हणतो आणि मागून येणारी थरथर सांगायची राहते.

मग काढलेली चाकं. टायरची झीज पाहा, फोटो घ्या, रिमला तडा किंवा डिस्कवर निळसर डाग आहे का पाहा. बेअरिंग बोटाने फिरवा. मगच त्यांवर नवे टायर चढवायला पाठवा. टायर बदलून आलेलं चाक पुन्हा वॉर्मरखाली जाऊन पुरेसं तापायला वेळ लागतो, म्हणून हे काम पंधरा मिनिटांच्या आत हातावेगळं व्हायला हवं. पावसाची चाकं नेहमी वेगळी आणि तयार असावीत. आकाश निरभ्र असलं तरी.

यानंतर पाने जागेवर, फरशी पुसून कोरडी, इंधन भरायची व्यवस्था पुन्हा तयार आणि वजन किंवा पातळी लिहून ठेवलेली. सगळं झालं की मोठ्याने सांगायचं: "तयार." ही घोषणा गाडी गेल्यापासून वीस मिनिटांत व्हावी. शेवटच्या पाच फेऱ्यांसाठी काम ठेवलं आणि मधेच सेफ्टी कार (अपघातानंतर सगळ्यांच्या पुढे राहून वेग कमी ठेवणारी गाडी) आली, तर तुम्ही अर्धवट अवस्थेत सापडता.

सेफ्टी कारबद्दल टायमिंगवाल्यासाठी दोन गोष्टी. तिच्यामागे फेऱ्या संथ होतात आणि इंधन कमी जळतं, म्हणजे एका टाकीतल्या २९ फेऱ्यांचा आकडा बदलतो. लगेच पुन्हा मांडा. दुसरं, त्या वेळी गाडी आत घेतली तर बाहेर पडण्याच्या तोंडाशी लाल दिवा लागून ताफा जाईपर्यंत थांबावं लागू शकतं. आत बोलावण्याआधी ताफा सर्किटवर कुठे आहे ते पाहा.

इशारा: काळा झेंडा, त्यावर नारिंगी गोल आणि तुमचा क्रमांक दिसला तर गाडीत धोकादायक बिघाड आहे असं अधिकाऱ्यांना वाटतंय. रात्री बहुधा मागचा दिवा गेलेला असतो. गाडी येण्याआधी दिवे लावलेली शेपटी हातात घेऊन उभे राहा.

## ८. गाडी पडली तर

टायमिंगच्या पडद्यावर एका टप्प्याची वेळ आली नाही की टायमिंगवाला सांगतो. लगेच पेटी पुढे, गाडी उभी करायची जागा मोकळी, शटरजवळची गर्दी बाहेर. रायडरला बहुतेक वेळा गाडी स्वतः चालवत किंवा ढकलत आणावी लागते आणि टीमने सर्किटवर जाऊन हात लावायचा नसतो. उत्साहात धावत जाणारा हेल्पर गाडी बाद करवू शकतो.

गाडी आली की आधी रायडर. त्याला बाजूला घेऊन डॉक्टरकडे. "मी ठीक आहे" हे त्याने म्हणून चालत नाही, ते डॉक्टरने ठरवायचं असतं. तोपर्यंत दुसरा रायडर कपडे चढवतो.

मग पहिलं अर्धं मिनिट कुणीही पाना लावायचा नाही. मुख्य मेकॅनिक टॉर्च घेऊन गाडीभोवती एक चक्कर मारतो आणि बोलत जातो: पेट्रोल गळतंय का, तेल, पाणी, फोर्क वाकडा, हँडल, फूटरेस्ट, दिवे. एक जण लिहून घेतो. या अर्ध्या मिनिटाने पुढची दहा वाचतात, कारण समोर दिसलेल्या तुटक्या फेअरिंगवर चौघे तुटून पडतात आणि रेडिएटर फुटल्याचं इंजिन चालू केल्यावर समजतं.

जोडलेले संच इथे कामाला येतात: वाकडा लिव्हर सरळ करत बसू नका, अख्खं हँडल बदला. काढलेला माल जमिनीवर एकाच ताडपत्रीवर टाका, फेकू नका. त्यातला कनेक्टर किंवा बोल्ट लागतोच.

सोडण्यापूर्वी तपासा: ग्रिप फिरवून सोडली की थ्रॉटल स्वतःहून पूर्ण मिटतो का, तेही हँडल दोन्ही टोकांना वळवून? पुढचा आणि मागचा ब्रेक दाब धरतो का? दोन्ही चाकं मोकळी फिरतात का? पुढचा दिवा, मागचा दिवा? इंजिन चालू असताना खाली थेंब पडतोय का? फेअरिंगमध्ये खडी अडकली आहे का? ही यादी छापून भिंतीवर लावा आणि वाचूनच टिक करा. उत्तर नाही आलं तर गाडी थांबते, घड्याळ काहीही म्हणो. दुसऱ्याच्या रस्त्यावर तेल सांडणारी गाडी सोडण्याचा हक्क कोणत्याही टीमला नाही.

## ९. रात्र

तिथे रात्री नऊच्या सुमाराला अंधार पडतो आणि सकाळी सातनंतर उजेड येतो. म्हणजे जवळपास दहा तास. पहाटे तीन ते पाच या वेळात हात चालतात पण डोकं मागे पडतं.

पिट-स्टॉपवाला मेकॅनिक दर ५० मिनिटांनी लागतो, त्यामुळे त्याला सलग झोप मिळत नाही. उपाय एकच: बदली माणूस. प्रत्येकाला लागोपाठ दोन स्टॉप सोडायला दिले की मधे अडीच तास मिळतात. वेळापत्रक शुक्रवारीच लिहा. रात्री दोन वाजता "कोण दमलंय?" विचारलं तर कुणीच हात वर करत नाही. टायमिंगवाल्यालाही बदली द्या; तो बसून असतो म्हणून त्याचा थकवा कुणाला दिसत नाही आणि इंधनाची बेरीज चुकते.

रायडरचा हिशेब आणखी तंग आहे. तिघांत त्याला सलग १०० मिनिटं मिळतात. बोलणं, अंघोळ, मालिश, खाणं यात तीस गेली, पुढच्या वेळेआधी पंचवीस मिनिटं उठवायचं, उरली पंचेचाळीस. त्याला उठवायचं काम एका नावावर हवं, आणि त्या माणसाने रायडर बसलेला पाहूनच परत यायचं. "उठतो" ऐकून नाही.

खाणं थोडं आणि वारंवार. भरपेट जेवण मध्यरात्री नको. चहा-कॉफीचा सगळा कोटा दहाच्या आत संपवू नका. अंधारात रायडरला पारदर्शक काच, सूर्य उगवायच्या वेळेला रंगीत काच तयार. सकाळचं कोवळं ऊन थेट डोळ्यांत येतं, आणि ही अदलाबदल ठरलेल्या स्टॉपलाच करायची असते.

तपासा: मध्यरात्री आणि पहाटे चारला मुख्य मेकॅनिक सोडून दुसऱ्या माणसाने स्टॉपच्या वेळी बोल्टवरच्या रेघा, चेनचा ताण आणि तेलाची पातळी पाहायची. रोजचा डोळा सवयीने "ठीक" म्हणतो.

सुझुकाच्या ८ तासांत ही रात्र नसते, पण जुलै-ऑगस्टचा दमट उन्हाळा असतो: तिथे झोपेच्या जागी बर्फ, क्षार आणि मेकॅनिकच्या पाण्याचं वेळापत्रक लिहा. बोल दोरच्या पॉल रिकार्ड सर्किटवर लांबलचक सरळ रस्ता आहे, तिथे इंजिनवर आणि चेनवर जास्त लक्ष.

## १०. शेवटचे दोन तास आणि नंतर

रविवारी दुपारी एकनंतर चुका वाढतात, कारण मनाने सगळे घरी पोचलेले असतात. क्रमात काही बदलू नका. पुढची टीम अर्ध्या मिनिटावर असली तरी चाक न बदलता सोडायचं, इंधन कमी भरायचं, असे निर्णय मॅनेजर आणि टायमिंगवाल्याने कागदावर करायचे. मेकॅनिकने सुचवायचेही नाहीत. सामान आवरायला सुरुवात करू नका. अपघाताची पेटी झेंडा पडेपर्यंत उघडी राहते.

झेंड्यानंतर गाडी अधिकाऱ्यांच्या ताब्यातल्या बंद जागेत जाते. तिथे परवानगीशिवाय हात लावणं, अगदी टाकीचं झाकण उघडणंही, निकालावर परिणाम करू शकतं. मिठ्या रायडरला मारा.

गॅरेज आवरण्याआधी नोंदवही पुरी करा: कोणत्या स्टॉपला काय अडलं, कोणता भाग वापरला, पेटीत काय नव्हतं, कोणता पाना सापडला नाही. आठवड्याने यातलं निम्मं आठवत नाही. उरलेलं इंधन नियमानुसार परत करा, वापरलेल्या टायरची मोजदाद द्या.

आणि व्हॅन रविवारी रात्री हलवू नका. २४ तास पिटमध्ये जागलेल्या माणसाने त्याच रात्री महामार्गावर गाडी चालवायची नसते. सर्किटजवळची एक जास्तीची रात्र शर्यतीच्या खर्चात आधीच धरा, आणि सोमवारी पहिल्यांदा गाडी कोण चालवणार त्याला रविवारी आवराआवरीतून लवकर सोडा.